‘वाटतं’ या शब्दापाशी अडणारा तक्ता: निराशेसाठी कोणती पद्धत निवडावी?

मनोविश्लेषणातून, म्हणजे मनात नकळत दडलेलं उलगडण्यातून निघालेली उपचारपद्धती, कार्ल रॉजर्स यांचं व्यक्तिकेंद्री समुपदेशन, ॲरन बेक यांची सीबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, आणि वर्तन-सक्रियता. निराशेसाठी समुपदेशन घ्यायचं ठरवलेल्याला बहुधा या चारांतून निवडावं लागतं.

पहिल्या दोन्हींबद्दल थोडक्यात. मनोविश्लेषणाच्या वाटेने जायचं तर आठवड्याला निदान एक, साधारण ५० मिनिटांची बैठक, आणि तीही महिनोन्महिने. वेगवेगळ्या माणसांशी नातं दरवेळी एकाच जागी बिघडत असेल तर हा वेळ सार्थकी लागतो. पेडण्याहून दर आठवड्याला अर्धा दिवस मोडून पणजीला येणाऱ्याला तो झेपेलच असं नाही. रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक सल्ला देत नाही. न तोलता ऐकतो, समजलेलं तुमच्यापुढे ठेवतो. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखात मी हीच पद्धत सुचवीन. मात्र ‘सांगा, मी काय करू?’ असं विचारत आलेला माणूस दोन भेटींत कंटाळतो.

सीबीटीचा कणा म्हणजे विचारनोंदीचा तक्ता. प्रसंग, भावना आणि तिची १००पैकी तीव्रता, त्या क्षणी आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, पर्यायी विचार, आणि शेवटी भावनेचा आकडा पुन्हा. घोडं अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात. ‘मला वाईट वाटतं’ ही भावना आणि ‘मला वाटतं, सगळे मला टाळतात’ हा विचार. आपल्याकडे क्रियापद एकच. कोकणीतलं ‘म्हाका दिसता’ही दोन्हीकडे चालतं. मग भावनेच्या रकान्यात ‘कोणी विचारत नाही असं वाटतं’ येतं, शेजारी ८०चा आकडा पडतो, आणि पुढे भावनेलाच पुरावा मागितला जातो. आधीच खचलेल्या माणसाला आपण खोटे ठरलो असं होतं, आणि पुढच्या आठवड्यात वही कोरी येते.

यावर इलाज आहे. भावनेच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: राग, भीती, लाज, दुःख. विचार लिहिताना ‘वाटतं’ गाळून वाक्य पुरं करायचं: ‘सगळे मला टाळतात.’ यावर एक अख्खी भेट खर्चायला हवी. ती खर्चली जात नाही, हीच माझी तक्रार, आणि माझं पारडं वर्तन-सक्रियतेकडे झुकलं तेही इथेच.

वर्तन-सक्रियता काय वाटलं इथून सुरू होत नाही. काय केलं इथून होते. आठवडाभर तासातासाची नोंद, शेजारी मनःस्थितीचा ०ते १० आकडा. कुठल्या कामानंतर आकडा चढला, काय टाळल्यावर उतरला, ते बघून दोन-तीन कामं दिवस-वेळ घालून ठरवायची. चूक होते ती कामाच्या आकारात. ‘रोज फिरायला जा’ हे काम निराश माणसाला डोंगराएवढं असतं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की दार उघडून स्वतः पाव घ्यायचे, एवढंच पहिल्या आठवड्याला पुरतं. मन लागो न लागो, वेळ झाली की करायचं.

गोव्यात ही पद्धत नुसती कागदावर नाही. ‘संगाथ’ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती राबवली: ६ ते ८ भेटी, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांची, आणि समुपदेशक म्हणजे प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक. नेहमीच्या उपचारांत ही भर घातल्यावर निराशा अधिक उतरली, असा निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

तरी ती सगळ्याला पुरत नाही. हात पुन्हा पुन्हा धुण्यासारखा मंत्रचळ (ओसीडी) किंवा पॅनिकचे झटके असतील तर सीबीटीच घ्यावी. भीतीला थेट सामोरं जाण्याचे टप्पे तिथे नीट बांधलेले आहेत. जीव द्यायचे विचार येत असतील तर पद्धती तोलत बसू नका: बांबोळीच्या मनोरुग्णालयातली ओपीडी गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

पहिल्या भेटीत समुपदेशकाला एक जरूर विचारा: दिलेला गृहपाठ झाला नाही तर तुम्ही काय करता? ‘कुठे अडलं ते बघतो आणि काम आणखी लहान करतो’ असं उत्तर आलं, तर पुढची वेळ तिथेच ठरवून या.