लेन्स ‘नव्यासारखी’ करून देणारा

गणपतीनंतर कपाटातून झूम लेन्स काढली, मोबाइलच्या टॉर्चवर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. चूक माझीच. मृगापासून चामड्याच्या केसमध्ये घालून कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. गुहागरच्या पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, आणि चामडं तर ओल धरूनच ठेवतं. त्या तंतूंचा फोटो भाच्याला पाठवला. तेवढं एक शहाणपण घडलं, तेही नकळत.

चिपळुणात एक जण कॅमेरे दुरुस्त करतो असं कळलं. “काका, उघडून आतून साफ करतो. नव्यासारखी होईल. २,२०० द्या.” पावती मागितली तर म्हणाला, “आपल्यात कसली पावती?” माझ्यासमोर उघडायला तयार नव्हता; आत धूळ जाते म्हणे. त्यात तथ्य असतं, म्हणून गप्प बसलो.

चौथ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा धो धो पाऊस आणि शेवटची एसटी गाठायची घाई. त्याने पुढची काच समोर धरली. आरशासारखी लखलखीत! पैसे मोजले, निघालो. टॉर्च खिशातच होता.

आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, म्हणजे किनाऱ्यावरचा संध्याकाळचा फोटो उजेडाच्या तोंडावरच. पहिल्याच संध्याकाळी सगळे फोटो ताकासारखे पांढुरके आले. होड्या काळ्याभोर यायच्या त्या करड्या. खाऱ्या वाऱ्याने काचेवर तुषार बसले असतील म्हणून पुसलं. तेच.

रत्नागिरीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या भाऊंनी लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. “प्रतिबिंब कसलं दिसतंय?” पांढरं. “जांभळट, हिरवट दिसायला हवं. कोटिंग गेलंय.” म्हणजे काचेवरचा, प्रतिबिंब कमी करणारा पातळ थर. पुढची काच कसल्याशा पॉलिशने घासली होती. कोटिंग नसलेल्या काचेचा एकेक पृष्ठभाग जवळपास ४ टक्के उजेड परत फेकतो. चांगलं कोटिंग असेल तर १ टक्काही नाही. मी ज्या लखलखाटाला भुललो, तोच बिघाड होता. मग भाऊंनी अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड सोडणारं भोक, पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला. तंतू होते तिथेच. लेन्स उघडलीच नव्हती.

चिपळूणला फोन केला. “काका, फंगस परत आलं. तुमच्याकडची हवाच तशी.” क्षणभर मलाही पटलं, कोकणच्या हवेवर काहीही खपवता येतं. पण भाच्याला पाठवलेला फोटो काढून पाहिला, तर तीच फांदी, तेच तीन फाटे. तो त्याला पाठवला आणि माझा नंबर ब्लॉक झाला.

लेन्स कुणाकडे देणार असाल तर आधी टॉर्च मारून आतला फोटो काढा, ट्यूबच्या प्रतिबिंबाचाही काढा, सिरियल नंबर टिपा. परत घेताना त्याच्यासमोर हेच पुन्हा करा, एसटी चुकली तरी चालेल. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहणारच. जो हे आधीच सांगतो, त्याच्याकडे द्या.

आता सामान हवाबंद डब्यात असतं, सोबत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवतो. नारिंगी दाणे हिरवे पडले की मंद आचेवर तापवायचे. त्यासाठी हिने एक जुनी कढई वेगळी काढून दिलीय, स्वयंपाकात परत घ्यायची नाही या अटीवर. आणि ती लेन्स सकाळीच बाहेर काढतो, सूर्य पाठीशी असतो तेव्हा.