बीचच्या लाकडाचे खण: काही महिने वापरल्यावर

खण पुन्हा अडकला, म्हणून लिहायला बसलोय. बीच, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका झाडाचं लाकूड, कठीण असतं, गुळगुळीत होतं, ओकपेक्षा बहुधा स्वस्त पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते किती फुगतं, हे मात्र विकणारा सांगत नाही.

ओलं बीच पूर्ण वाळेपर्यंत खोडाच्या वाढीच्या वलयांना समांतर दिशेने जवळजवळ १२ टक्के आकसतं. सागवान पाच-सहा टक्क्यांत भागवतं. बरं, वाळवलेलं लाकूड घेतलं म्हणून सुटका नाही. हवा दमट झाली की ते परत ओल पितं. १५ सेंमी उंच खणाच्या बाजूत ४ टक्के ओल वाढली, की उंची अडीच मिमीने वाढते. करणाऱ्याने वर फट ठेवली होती दोन मिमी! तक्रार केली तर उत्तर मिळालं, "लाकूड आहे, हलणारच." पैसे घेताना हे ज्ञान कुठे होतं? तेल, पॉलिश सगळं लावून झालं. त्याने फुगणं लांबतं, थांबत नाही.

एवढं लिहून दोन्ही खण बाहेर काढले, आणि मत थोडं बदलावं लागतंय. खालचा खण कधीच अडकत नाही. त्याच्या फळ्यांच्या टोकाला वलयं रुंद बाजूशी काटकोनात उभी दिसतात, आणि पृष्ठभागावर चकाकणारे पट्टे आहेत. अडकणाऱ्या खणावर नुसत्या बारीक तपकिरी रेघा. उभ्या वलयांची फळी रुंदीत साधारण निम्मीच हलते. म्हणजे दोष बीचचा कमी, फळी निवडणाऱ्याचा जास्त. खणाला उभ्या वलयांचीच फळी मागा, थोडी महाग पडली तरी.

बाकी तक्रार नाही. कामाच्या टेबलाला बीचची जाड फळी आहे; हातोडे खाऊनही खड्डे नगण्य. वास-चव नसल्याने डाव आणि पोळपाटालाही चांगलं. बोथट करवतीने मात्र चटकन काळं पडतं. वाफेवर तर असं वाकतं की थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याने १८५९ मध्ये त्याचीच १४ नंबरची खुर्ची काढली: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट.

उघड्यावर ठेवू नका, लवकर कुजतं आणि किडीलाही आवडतं. वरचा खण मी रंधून घेणार आहे, पण हवा कोरडी झाल्यावर नाही, आत्ता फुगलेला असतानाच. मजुरी कोण देणार, यावर वाद अजून चालू आहे.