संत्री एक नंबर, पण ऑर्डरचा फॉर्म बेकार

पुण्याच्या ताईकडे मृग बहाराची संत्री पाठवायची होती म्हणून नागपुरात कळमन्याकडच्या एका दुकानाच्या वेबसाइटवरून मागवली. नाव नाही लिहीत, कारण माल खरंच लय भारी निघाला, साल ढिली, रस भरपूर, एकही सडकं नाही. पॅकिंगला पण पूर्ण मार्क.

पण तो फॉर्म राजेहो! बाबांच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड, त्यांनी 'किती किलो'मधे १० टाकलं तर लाल अक्षरात 'कृपया अंक टाका' म्हणून राहिला. अंकच तर टाकला नं बे! जावास्क्रिप्टला (ब्राउझरमधे फॉर्म तपासणारी कोडची भाषा) फक्त इंग्रजी आकडे कळतात, मराठी दिले की लिहिलेल्याचा आकडा करणारे तिचे नंबर (Number) काय अन् पार्सइंट (parseInt) काय, दोघंही नॅन (NaN), म्हणजे 'हा आकडाच नाही', असं देतात. पण शून्य ते नऊ हे दहा मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्यायला दोन ओळींचा कोड लागते, नागपुरात धंदा करता तर एवढं करा.

मी वेबसाइटचंच काम करतो म्हणून मग खोड्या काढून पाहिल्या. इंग्रजी आकड्यांत अडीच (2.5) टाकलं तर कार्टमधे चुपचाप दोन किलो! पाचच्या पुढे 'पेट्या' लिहिलं तरी पाच धरते. पार्सइंट लावलाय, तो सुरुवातीचे आकडे उचलते अन् बाकीचं सोडून देते, चूक झाली म्हणून सांगत पण नाही. पिनकोडला उलटीच गंमत, तिथं इझनॅनने (isNaN, नॅन येते का एवढंच पाहणारा) चेक केलंय त्यामुळे डबा रिकामा ठेवला तरी पास, कारण रिकाम्या स्ट्रिंगचा (म्हणजे मजकुराचा) नंबर केला की शून्य येते. आता बिनपिनकोडचं पार्सल पुण्यात कुठं फिरत बसणार?

किलोसाठी आधी ट्रिम करा (मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढा), रिकामं असलं तर तिथंच थांबवा, मग नंबर करून नंबर.इझफायनाइटने (Number.isFinite) तो खरंच आकडा आहे का पाहा अन् शून्यापेक्षा जास्त आहे का तेही. पिनकोड तर नंबर समजूच नका, टेक्स्टच ठेवा अन् रेजेक्सने (मजकूर ठरलेल्या साच्यात बसते का ते पाहणारा कोड) बरोबर सहा आकडे तपासा, पहिला शून्य नको. कोणी म्हणन की इनपुटचा टाइप नंबर करून टाक, पण त्यात 'ई' अक्षर पण चालते, एक ई तीन (1e3, म्हणजे एकावर तीन शून्य) लिहिलं की हजार किलो संत्री! अन् हे सगळं सर्व्हरवर पण लावा, ब्राउझरमधला चेक कोणीही बंद करू शकते.

मालाला पाच स्टार, वेबसाइटला दोन. फोनवर पण ऑर्डर घेतात, अडीच किलो म्हटलं तर अडीचच येते.