जावा कोडमध्ये मराठी: थेट देवनागरी की युनिकोड एस्केप?

जावा प्रोजेक्टमध्ये मराठी मेसेज टाकायचे तर दोन रस्ते आहेत, एक म्हणजे सरळ देवनागरीत टाइप करून फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) सेव्ह करायची, नाहीतर प्रत्येक चिन्हासाठी बॅकस्लॅश यू आणि पुढे त्याचा चार अंकी हेक्स कोड लिहायचा, हाच युनिकोड एस्केप.

एस्केपचा फायदा खरा आहे, फाइल निव्वळ आस्कीत (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांत) राहते त्यामुळे एन्कोडिंग चुकीचं लागलं तरी सहसा काही बिघडत नाही. पण 'पुणे' एवढं लिहायला २४ कॅरेक्टर लागतात! (यूटीएफ-८ मध्ये तेच १२ बाइट.) साइजचं सोडा हो, रिव्ह्यूमध्ये ते वाचणार कोण? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी कुणाच्या बापाला कळत नाही, आणि 'शिल्लक अपुरी' हा मेसेज कुठून येतो ते सर्च करायला गेलात तर सापडतच नाही.

थेट देवनागरीत हा सगळा त्रास नाही, फक्त कंपायलरला एन्कोडिंग माहीत पाहिजे. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १८ च्या आधी (ते आलं मार्च २०२२ मध्ये) न सांगितल्यास जावा मशीनचं एन्कोडिंग धरायचा, म्हणून लिनक्सवर मस्त चाललेलं विंडोजवर बिल्ड केलं की अक्षरांचा कचरा. जुन्या जेडीकेवर असाल तर मेवन किंवा ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ सेट करा, विषय संपला. हां, सेव्ह करताना बीओएम (फाइलच्या सुरुवातीला येणारं न दिसणारं चिन्ह) नको, जावाचा कंपायलर पहिल्याच ओळीवर एरर देतो.

प्रॉपर्टीज फाइलचं (जिथे मेसेज कोडबाहेर ठेवतात) वेगळं आहे. जेडीके ८ पर्यंत रिसोर्स बंडल (ती फाइल वाचणारा जावाचा भाग) ती लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचायचं, तिथे एस्केप करावंच लागतं. ९ पासून यूटीएफ-८ चालतं.

माझं मत थेट देवनागरीलाच. एस्केप ठेवा फक्त न दिसणाऱ्या चिन्हांसाठी, आणि मराठीत ते नक्की भेटतं: 'वाऱ्या' मधला अर्धा र ऱ-हलंत असाही टाइप होतो आणि र-हलंत-झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) असाही, स्क्रीनवर दोन्ही सारखेच पण इक्वल्स (तुलना करणारी मेथड) फॉल्स देतं, आणि नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारा क्लास) लावूनही एक होत नाहीत. हे तपासणाऱ्या टेस्टमध्ये झेडडब्ल्यूजे म्हणजे २००डी एस्केपनेच लिहा, नाहीतर पुढचा डेव्हलपर दोन ओळी डुप्लिकेट समजून एक उडवून टाकेल.