आनापान आणि भावनांचे शब्द: पाचवीच्या वर्गातील आठ महिन्यांचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी पाचवीचा वर्ग शिकवते. गेल्या जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, दिवाळीची सुट्टी वगळता, माझ्या वर्गात रोज दोन वेळा आनापानाचा, म्हणजे सहज चाललेल्या श्वासावर लक्ष ठेवण्याचा, सराव झाला आणि आठवड्यातून एक तास भावना ओळखण्यासाठी व त्या शब्दांत सांगण्यासाठी दिला गेला. आपल्याही वर्गात हे सुरू करावे का, असे सहकारी शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. श्वासाच्या सरावाने मूल रागाच्या क्षणी थांबायला शिकते, परंतु थांबल्यावर मनात काय चालले आहे हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतील, तर ते थांबणे फार काळ टिकत नाही.

आनापान या पालि शब्दाचा अर्थ आत येणारा व बाहेर जाणारा श्वास एवढाच आहे. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन या गुरूंकडे विपश्यना ही ध्यानपद्धती शिकून १९६९ मध्ये ती भारतात आणली, आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रात १९७६ पासून शिबिरे होऊ लागली. तेथील दहा दिवसांच्या शिबिराचे पहिले तीन दिवस केवळ आनापानाचे असतात. ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी छोटी शिबिरे आहेत, आणि महाराष्ट्रातील शाळांमध्ये हाच सराव शिक्षण विभागाच्या ‘मित्र उपक्रमा’तून पोहोचला. नाकपुड्यांशी लक्ष ठेवून सहज चाललेला श्वास जाणत राहायचे, एवढीच कृती असते. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नामजप किंवा मूर्तीचे ध्यान जोडायचे नाही. ‘हे कोणत्या धर्माचे आहे का?’ असे एका पालकांनी पहिल्याच पालकसभेत विचारले, तेव्हा मी त्यांना मुलांसोबत दहा मिनिटे बसण्याची विनंती केली. ते बसले आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

सकाळी परिपाठ संपल्यावर दहा मिनिटे आणि शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे, असा क्रम ठरवला. मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण दहा मिनिटे घेतली, ही माझी चूक झाली. चौथ्या मिनिटाला चुळबुळ सुरू व्हायची, सहाव्या मिनिटाला कोणीतरी हसायचे आणि मग सगळा वर्ग हसायचा. दुसऱ्या आठवड्यात मी वेळ तीन मिनिटांवर आणली व महिनाभरात हळूहळू वाढवली, तेव्हा घडी बसली. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की माझ्या सूचना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतच नसत. त्यातच निम्म्या वर्गाला सर्दी. ‘बाई, माझ्या नाकातून श्वासच येत नाही, मग मी काय बघू?’ असे एका मुलीने विचारले, आणि तिचे म्हणणे अगदी रास्त होते. अशा दिवसांत मी मुलांना पत्र्यावरच्या पावसाचा आवाज नुसता ऐकत बसायला सांगितले. ते आनापान नव्हे, हे मला ठाऊक आहे, पण मुलांची बसण्याची सवय मोडली नाही. डिसेंबर-जानेवारीत कांदालागवडीच्या दिवसांत काही मुले पहाटेच शेतावर राबून शाळेत येतात. डोळे मिटताच त्यांना झोप लागते. त्यांना मी झोपू दिले.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायला हवी. एक मुलगा डोळे मिटले की घाबराघुबरा व्हायचा. घरी काय घडत होते ते नंतर कळले. ते येथे लिहिण्यासारखे नाही. मी त्याला डोळे उघडे ठेवून माझ्या शेजारी बसण्याची आणि हवे तर बाहेरच्या झाडांना पाणी घालण्याची मोकळीक दिली. शांत बसणे प्रत्येक मुलाला सुखाचे असतेच असे नाही, आणि ‘डोळे मीट म्हटले ना!’ असा दरडावणीचा सूर लागला की सरावाची शिक्षा होते. एका शिक्षकांनी दंगा करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर ‘ध्यानाला’ बसवलेले मी पाहिले आहे. त्या मुलांनी पुढे हा सराव मनापासून कधी केला नाही.

आता शब्दांकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या आठ महिन्यांची खरी कमाई तीच आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा तास सुरू झाला; त्यात ध्यानाच्या जोडीला गोष्टी आणि चर्चा होत्या. त्यावरून मला शुक्रवारच्या तासाची कल्पना सुचली. पहिल्या तासाला ‘आज कसे वाटते आहे?’ असे विचारले, तर साऱ्या वर्गाकडून मिळून चारच उत्तरे आली: मस्त, बोर, टेन्शन आणि राग. आपल्या भाषेत केवढे शब्द आहेत! हिरमुसणे, रुसणे, ओशाळणे, खट्टू होणे, कानकोंडे होणे, धास्ती, हुरहूर, हेवा, संकोच. दर शुक्रवारी मी एक शब्द घेतला. त्याचा अर्थ सांगण्याऐवजी एखादा प्रसंग सांगितला, मग मुलांनी आपापले प्रसंग सांगितले आणि तो शब्द जाड कागदावर लिहून भिंतीवर लावला. काही मुले घरी आजीला विचारून आणखी शब्द घेऊन आली. ‘उमाळा’ हा शब्द असाच आला.

नोव्हेंबरमध्ये खो-खो खेळताना दोन मुलांची मारामारी झाली. ज्याने आधी हात उचलला होता, त्याला मी वर्गात आणून बसवले. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाकाने श्वास घेत राहिला. मी काही बोलले नाही. नंतर तो भिंतीवरच्या कागदांकडे बघत म्हणाला, “बाई, मला राग नव्हता आला. मी पडलो तेव्हा सगळे हसले. मी ओशाळलो होतो.” हसणाऱ्यांमध्ये दुसराही मुलगा होता. त्याने हे ऐकले आणि तो आपणहून जवळ येऊन बसला. नुसत्या श्वासाने हे घडले नसते, आणि श्वास शांत झाला नसता तर तो शब्दही त्याला आठवला नसता, असे मला वाटते.

भांडणांच्या तक्रारी मी एका वहीत लिहून ठेवते. जुलैत आठवड्याला एक पान भरायचे. जानेवारीत तेच पान दोन आठवडे पुरू लागले. याचे सगळे श्रेय मी या उपक्रमाला देत नाही, कारण वर्षभरात मुले मोठी होतात आणि त्यांना शिक्षकांचीही सवय होते. अभ्यासात काही फरक पडल्याचे मला ठामपणे सांगता येत नाही; गणिताच्या चाचणीपूर्वी दोन मिनिटे बसल्यावर पेपर कोरा ठेवणाऱ्या दोन मुली लिहायला लागल्या, इतके मात्र डोळ्यांनी पाहिले. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील ८,००० हून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ध्यानाच्या तासांचा मुलांच्या मानसिक आरोग्यावर नेहमीच्या अध्यापनापेक्षा अधिक लाभ दिसला नाही आणि बहुतेक मुलांनी घरी सरावही फारसा केला नव्हता. माझ्याही वर्गात घरी सराव करणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणून मला त्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नाही.

पूर्ण दिवसाच्या शाळेत रोजची वीस मिनिटे या कामी जातात. माझ्या पाचवीच्या वर्गाला त्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा ताण होता आणि जानेवारीत काही पालकांनी ही वेळ सराव प्रश्नपत्रिकांना द्यावी, असे सुचवले. मी संध्याकाळची दहा मिनिटे परीक्षेपर्यंत पाचवर आणली, सकाळची कमी केली नाही. खर्च काहीच आला नाही; जाड कागद आणि रंगीत खडू एवढेच लागले. ज्या शिक्षकांनी स्वतः हा सराव केलेला नाही, त्यांनी वर्गात घाई करू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. मी दहा दिवसांचे शिबिर केले होते, तरीही ज्या दिवशी मी स्वतः मुलांसोबत बसण्याऐवजी हजेरी भरत राहिले, त्या दिवशी वर्ग बसला नाही. येत्या जूनमध्ये नवा वर्ग मिळेल, तेव्हा तीन मिनिटांपासून सुरुवात करीन आणि शब्दांचे कागद भिंतीवरून न काढता तसेच ठेवीन.