कलमी टमाट्याची रोपं: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर टमाट्याचा शेंडा जोडतात त्याचं, नाव सांगत नसाल तर जादा पैसे कशाचे घेता, असं मी रोपवाटिकेत जाऊन विचारलं. धड उत्तर मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. कलमी रोप साध्या रोपाच्या कितीतरी पट महाग. चिठ्ठीवर वरच्या वाणाचं नाव असतं, खालच्या खुंटाचं नाही. "जंगली वांग्याचा खुंट हाय ताई, म्हणून महाग," एवढंच ऐकायला मिळतं.

परभणीतलं आमचं परस म्हणजे काळी चिकट माती. श्रावणात झड लागली की आळी चिबडतात, वाफसा येत नाही, आणि फळांनी लगडलेलं झाड हिरव्या पानांनिशी माना टाकतं. ही मर कोणती, हे घरीच कळतं. अशा झाडाचं बुडाजवळचं खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरायचं. थोड्या वेळात कापातून दुधासारखे पांढुरके धागे खाली उतरले, तर जिवाणूजन्य मर समजावी. आमच्या ग्लासात धागे उतरले होते. हा जिवाणू मातीत ठाण मांडून राहतो आणि फवारणीनं जात नाही. म्हणून कलमी रोपं आणली आणि त्याच वाफ्यात साध्या रोपांशेजारी लावली.

साधी रोपं पोळ्याच्या आतच गेली. कलमी झाडं झडीत उभी राहिली आणि संक्रांतीपर्यंत टमाटे देत होती. मुळं मर सोसणाऱ्या वाणाच्या वांग्याची असल्यानं ती या जिवाणूलाही दाद देत नाहीत आणि साचलेल्या पाण्यातही टमाट्यापेक्षा जास्त तग धरतात. इथवर पैसे वसूल.

माझा राग आहे तो फुटव्यांवर. जोडाच्या खालून वांगं सारखं फुटत राहतं. दर आठवड्याला बोटानं खुडलं नाही, तर वरच्या टमाट्याचं खाणं तेच खातं. हे विकताना कोणी सांगितलं नाही. खुंट नक्की कशाचा, ते पाहायला एका झाडावर मी मुद्दाम एक फुटवा राखला. रुंद, लव असलेली पानं आली, मग जांभळं फूल, आणि शेवटी भाजीत घालतो तसलंच वांगं. रानवांग्याला पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि फळं वाटाण्यापेक्षा जरा मोठी, एवढीच असतात. तो फुटवा घेऊनच मी भांडायला गेले होते.

घरी येऊन वाचलं तेव्हा मात्र मत बदललं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं पावसाळी टमाट्यासाठी सुचवलेले ईजी १९५ आणि ईजी २०३ हे खुंट लागवडीच्या वांग्याचेच आहेत. म्हणजे खुंटाची जात योग्यच होती, 'जंगली' म्हणून लावलेला भाव खोटा होता. चिठ्ठीवर खुंटाचं नाव लिहायला किती शाई लागते?

लावतानाची एक गोष्ट. रोपवाटिकेतल्या पोरानं "खोल लावा" सांगितलं. साध्या टमाट्याला ते चालतं, कलमी रोपाला अजिबात नाही. जोड मातीच्या चांगला वर राहिला पाहिजे. शेजारच्या काकूंनी भर लावली, जोड गाडला गेला, टमाट्याच्या खोडालाच मुळ्या फुटल्या आणि मर त्या वाटेनं आत शिरली.

बोकड्यावर, म्हणजे पानं मुरडून आकसणाऱ्या रोगावर, कलमाचा काही उपयोग नाही. तो विषाणू पांढरी माशी आणते, त्याचा मुळांशी संबंध नाही. बोकड्या आलेली झाडं मी उपटून टाकली. हे पैसे दोन्हीकडून गेले.

म्हणून येत्या मृगाला घरीच कलम करणार आहे. वांगं हळू वाढतं, त्याचं बी काही दिवस आधी टाकायचं, म्हणजे दोन्ही खोडं सारख्या जाडीची मिळतात. नव्या ब्लेडनं ४५ अंशांचा तिरपा काप, वर सिलिकॉनची क्लिप, आणि जोड धरेपर्यंत काही दिवस सावलीत, ओलसर हवेत प्लास्टिकखाली. रोपांसोबत आलेल्या क्लिपा उकळून ठेवल्या आहेत. वर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे टमाट्याचं वाण घेईन, ते बोकड्यालाही बऱ्यापैकी तोंड देतं. खुंटाला मात्र घरचं कुठलंही वांगं चालणार नाही, तेही मरीला बळी पडू शकतं; ईजी २०३सारख्या मर सोसणाऱ्या वाणाचंच बी मिळवावं लागेल.