तीच ती ख्रिसमसची लव्हस्टोरी, तरी शेवटपर्यंत पाहिली

पहिल्या 5 मिनिटांतच कळतं की शहरातली ही कामात बुडालेली बाई छोट्या गावात जाणार, तिकडे चेक्सचा शर्ट घालून एकजण लाकडं फोडत असणार, बायको वारलेली, मुलगी गोड पण आगाऊ. अमेरिकेतलं हॉलमार्क हे टीव्ही चॅनल 2009 पासून दरवर्षी अशा पिक्चरांची रांगच लावतं, बरेचसे कॅनडात शूट होतात, कधीकधी तर भर उन्हाळ्यात, मग बर्फ खोटाच की. यात तर हिरॉईनचा कोकोचा कप रिकामाय हे सरळ दिसतं, कसा हलवते बघा! किस एकदम शेवटी, त्याआधी कुणीतरी मध्ये कडमडणारच. हिरो निव्वळ ठोकळा, पण पोरगी भारी काम करते. कपड्यांच्या घड्या घालता घालता बघायला झकास.